किलकिलं दार

सुतळी कापल्याचा आवाज तो केवढा असणार! कच्च, इतकाच. पण तो पाठीमागून आला आणि त्याच्या काळजात चर्र झालं. वळून पाहिलं तर बायको मागच्या खोलीत जमिनीवर बसलेली, हातात स्वयंपाकघरातली कात्री, आणि समोर तपकिरी कागदात बांधलेला तो गठ्ठा, ज्याला इतक्या वर्षांत त्याने स्वतःसुद्धा हात लावला नव्हता. "अगं, तो नको! तो सोडायचा नव्हता!" तो ओरडला. ओरडणं जरा जास्तच झालं, हे त्याचं त्यालाही कळलं. बायकोने कात्री काही खाली ठेवली नाही. "सोडायचा नव्हता म्हणजे? लोणचं घालायचं होतं त्याचं? आई दुपारपर्यंत येतील, त्याच्या आधी रद्दीवाला येईल. काय ठेवायचं आणि काय द्यायचं, ते बांधलेल्या गठ्ठ्यावरून मला कसं कळणार?" बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच त्याला जास्त राग आला. हा गठ्ठा त्याला एका वृद्ध वास्तुविशारदाच्या पत्नीने दिला होता, नवरा गेल्यानंतर. नवऱ्याने जिवापाड जपलेले अंक होते, एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. टॅक्सीत तो मांडीवर घेऊन त्याने घरी आणला होता आणि तो न उघडताच ठेवून दिला होता. बाकीची शेकडो मासिकं त्याने अधाशासारखी चाळली. हा एवढा एक गठ्ठा सावकाशीच्या दिवसासाठी राखून ठेवला. हवा लागली की कागद पिवळा पडतो, हे एक कारण. दुसरं कारण त्याला कुणाला सांगता आलं नसतं: न उघडलेल्या गठ्ठ्यात काहीही असू शकतं. जमवणाऱ्या माणसांना हा रोगच असतो. चांगली वस्तू मिळाली की ती बाजूला ठेवायची, आणि साध्यासुध्या वस्तूंवर आयुष्य काढायचं.

सुटलेला गठ्ठा एका अंगाला कलला, वरचे दोन-तीन अंक घसरले, त्यातला एक उघडा पडला. तो उचलायला म्हणून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. उजव्या हाताच्या पानावर, पानभर, एक बैठकीची खोली होती. वेताच्या बैठकीची बुटकी खुर्ची. तिच्याशेजारी उंच, सडपातळ दिवा, त्याला पिवळी टोपी. खाली निळा गालिचा. टीपॉयवर काचेच्या वाडग्यात संत्री. खिडकीतून तिरका आलेला उन्हाचा पट्टा, आणि मागे, डाव्या हाताला, घराचं दार, किंचित किलकिलं. खोलीत माणूस नव्हतं. त्या मासिकांतल्या खोल्यांमध्ये कधीच नसतं. पण या खोलीतलं माणूस कोण, ते त्याला ठाऊक होतं. तो होता. खिडकीच्या गजांचं ते नक्षीकाम त्याने आंधळेपणीही बोटांनी ओळखलं असतं. हे त्याचं घर होतं, लहानपणीचं, जे पुढे पाडून तिथे मोठी इमारत झाली आणि ज्याचा एकही फोटो कुणाकडे उरला नव्हता. "अगं," तो म्हणाला. बायकोने मान लांब करून पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "हे ठेवायचंय की द्यायचंय?"

"हे आमचं घर आहे." यावर मात्र तिने कात्री खाली ठेवली. हात पदराला पुसून अंक घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. या अंकाची कथा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून तिने ऐकली होती. नातेवाइकांनी ऐकली होती, शेजाऱ्यांनी ऐकली होती, एकदा गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही ऐकली होती. वडील दुसऱ्याच एका वास्तुविशारदाच्या कचेरीत कारकून. ते राहायचे ती जुनी इमारत साहेबांनीच बांधलेली, आणि कुठल्याशा मासिकाला तिच्यातल्या एका घराचा फोटो हवा होता. साहेबांनी वडिलांचं घर निवडलं. मासिकाचं नाव वडिलांना आठवत नव्हतं. साहेब अंक पाठवणार होते, तो कधी आला नाही. मग वडील गेले, साहेब गेले, आणि मुलगा अंक शोधायला निघाला. "म्हणजे हा गठ्ठा आपल्याकडे आल्यापासून हा आपल्याच घरात होता?" बायको म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो माणूस मी आज डोळ्यांनी पाहिला." आणि ती हसली. हसण्यात कुत्सित काही नव्हतं, उलट थोडा आनंदच होता, पण ते हसू त्याला झोंबलं. त्याने अंक तिच्या हातातून काढून घेतला.

आता आनंद व्हायला हवा होता. निम्मं आयुष्य ज्याच्या मागे धावण्यात गेलं ती वस्तू हातात होती. पण हाती आली ती नुसती घालमेल. तो खोलीत फिरू लागला, म्हणजे फिरायला जागा होती तेवढ्यात, गठ्ठ्यांच्या रांगांमधून, आडवं होऊन. फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिला अंक सापडला तेव्हा तो नुकताच आरेखक म्हणून कामाला लागला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे, संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरांचे फोटो पाहायचे. आधी फक्त घरांच्या सजावटीची मासिकं घेतली. मग वाटलं, फोटो वास्तुकलेच्या मासिकातही आला असेल. मग चित्रकलेच्या. एका अंकाच्या शोधात हजार अंक आले, आणि कधीतरी, नेमकं केव्हा ते त्यालाही सांगता आलं नसतं, शोध मागे पडला आणि अंकच उरले. त्यांचा वास, जुन्या शाईचा, थोडासा केरोसीनसारखा. गुळगुळीत पानांचा थंडपणा. आणि त्या खोल्या! कुठे दोरीवर टॉवेल नाही, औषधाची बाटली नाही, भिंतीला टेकवलेली छत्री नाही, अंगठ्याने दबलेली चप्पल नाही. कचेरीत साहेबाची बोलणी खाल्ली की तो घरी येऊन अशा एखाद्या खोलीत जाऊन बसायचा, मनाने. तिथे त्याला कुणी उठवत नसे. फक्त पान मिटून डोळे वर केले की स्वतःचं घर दिसायचं आणि प्रत्येक वस्तू अंगावर यायची. "हे इथे कुणी ठेवलं?" हा त्याचा आवडता प्रश्न झाला होता. आणि मग एकेक करून त्याने बैठकीची खोली त्या आठवणीसारखी केली. वेताची खुर्ची शोधून आणली. निळा गालिचा आणला. पिवळ्या टोपीचा उंच दिवा तर सुताराकडून आणि तांबटाकडून मुद्दाम घडवून घेतला, आठवणीवरून चित्र काढून. त्या दिव्याला अडखळून घरातली सगळी माणसं एकदा तरी पडली होती. बायको त्याला 'पाहुणे' म्हणायची. "पाहुण्यांना जरा सरकवा, केर काढायचाय."

कारण आठवण तशी होती, अगदी लख्ख. तो आडवा पडलेला आहे, पाच वर्षांचा किंवा त्याहूनही लहान, आणि पिवळा उजेड त्याच्या हाताच्या पंजावर पडला आहे. त्या उजेडात बारीक बारीक फुलांच्या सावल्या आहेत. हात हलवला की फुलं मनगटावर येतात, आणखी हलवला की बोटांवर. आणि त्या वेळी त्याला पक्कं ठाऊक आहे की आपल्याला काहीही होणार नाही. एवढंच. पुढे आयुष्यात परीक्षा झाल्या, लग्न झालं, नोकरीत बढती मिळाली, एकदा दवाखान्यातून सुखरूप परत येणंही झालं. पण ती खात्री, काहीही होणार नाही ही, पुन्हा कधी आली नाही. त्या दिव्याखाली तो आपलं पहिलं पुस्तक वाचायला शिकला असं तो सांगत असे. संत्र्यांचा वास सांगत असे. एक माणूस वाडग्यातलं एक संत्रं दोन बोटांनी हलकेच फिरवतो आहे, पुन्हा पाहतो आहे, पुन्हा फिरवतो आहे, हेही त्याला स्वच्छ आठवत होतं. त्याने आता खिशातलं भिंग काढलं, नकाशावरच्या बारीक रेघा पाहायचं, आणि अंकावर वाकला. खुर्ची, बरोबर. गालिचा, बरोबर. संत्री, बरोबर. दिव्याची टोपी मात्र साधी होती. कोरी पिवळी. तिच्यावर एकही फूल नव्हतं. छपाईत गेली असतील, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि लगेच त्याला कळलं की आपण स्वतःला समजावतो आहोत. या छपाईत गालिच्याचे धागे दिसत होते. फुलं तेवढी कशी जातील?

बाहेरच्या खोलीतून बायकोने हाक मारली. "ताईंचा फोन आला होता. निघाल्या त्या." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई दोन वर्षं तिच्याकडे होती. आधी ठरलं होतं सहा महिने, मग त्याच्याकडे. सहा महिने झाल्यावर तो म्हणाला, सध्या जागा नाही गं, मागची खोली मोकळी करतोय. वर्ष झाल्यावरही तो मागची खोली मोकळीच करत होता. एका संस्थेचं नावही त्याने काढलं होतं, स्वच्छ, हवेशीर, डॉक्टर दारात. त्या संस्थेचं माहितीपत्रक फार देखणं होतं, खोल्या मोकळ्या आणि उजेडाच्या. ते मिळाल्यावर ताईने फोन केला आणि म्हणाली, "तुझ्याकडे कागदाला खोली आहे. आईला नाही." एवढं बोलून तिने फोन ठेवला होता. आता तिच्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं, बोलायला जागाच उरली नव्हती, आई आज येणार होती, आणि खोली अजून कागदाचीच होती. आठवडाभर तो रोज पहाटे उठून आवरायला बसत होता. एक अंक हातात घ्यायचा, हा द्यायचा म्हणून बाजूला ठेवायचा, ठेवता ठेवता उघडायचा, आणि सूर्य वर येईपर्यंत त्यातच. जे द्यायचे म्हणून बाहेर काढले होते त्यांच्या चळती पॅसेजमध्ये घराच्या मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, छातीइतक्या उंच, आणि बायको त्यांना वळसे घालत येत-जात होती. रात्र थोडी सोंगं फार, असं म्हणायचीसुद्धा ती आता थांबली होती. ती नुसती कामं करत होती, आणि तिचं न बोलणं त्याला टोचत होतं.

तो अंक घेऊन पॅसेजमध्ये आला. मागच्या खोलीत उजेड कमी, हे निमित्त. खरं म्हणजे त्याला तिथे बसवत नव्हतं. दाराजवळच्या एका चळतीवर तो बसला, भिंग डोळ्याला लावलं आणि आता त्याने फोटोतलं ते दार पाहायला घेतलं. सगळ्या खोलीत तेवढी एकच जागा नीट लागत नव्हती. असल्या फोटोत दारं पुरती उघडी असतात किंवा पुरती बंद. हे किलकिलं होतं, वीतभर. फटीत जिन्यातला राखाडी उजेड, आणि त्या उजेडात, खाली, जमिनीच्या जरा वर, काहीतरी फिकट. भिंगाखाली त्याचे ठिपके झाले. काळे, निळे, तांबडे ठिपके, आणि मध्ये कोरा कागद. भिंग लांब नेलं की काहीतरी होतं, जवळ आणलं की काही नव्हतं. चेहरा म्हणावा तर फार खाली. भिंतीचा पोपडा म्हणावा तर कडा फार मऊ. आपण त्या वेळी कुठे होतो? हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला, आणि पडल्यावर त्याला नवल वाटलं की इतक्या वर्षांत तो पडला कसा नाही. घर आपलं, खोली आपली, दिवा आपला. फोटो निघत होता तेव्हा आपण कुठे उभे होतो? वडील कुठे? आई कुठे? त्याने आठवून पाहिलं. फोटोवाल्याचं काळं कापड आठवलं. तापलेल्या मोठ्या दिव्यांचा वास आठवला. आई काही केल्या आठवेना. तेवढ्यात बेल वाजली.

बेल त्याच्या डोक्याशीच होती. तो दचकून उठला, आणि ज्या चळतीवर बसला होता ती त्याच्या उठण्याने हलली, शेजारचीला लागली, शेजारची पलीकडचीला. गुळगुळीत पानांची मासिकं एकमेकांवर धरत नाहीत. आधी हळू आणि मग एकदम, सगळा ढीग दाराच्या तोंडाशी येऊन कोसळला. धूळ उडाली. "अहो!" आतून बायकोचा आवाज. त्याने कडी काढली, दार आत ओढलं. ते वीतभर उघडलं आणि अडलं. आणखी ओढलं, तर खालचे अंक दुमडले आणि पाचरीसारखे आणखी घट्ट बसले. घोडं तिथेच अडलं. त्या वीतभर फटीतून त्याने बाहेर पाहिलं. आई होती. एकटीच. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात बोचकं, छाती वरखाली होत होती.

"तू एकटी तीन मजले चढलीस?"

"मग? ताईला गुडघ्यामुळे जमत नाही. ती खाली टॅक्सीतूनच गेली, तिला दवाखान्यात पोचायचंय. टॅक्सीवाल्याने बॅग आणून दिली, भला माणूस." आईने फटीतून आत पाहायचा प्रयत्न केला. "काय झालं? दार का उघडत नाहीस?"

"उघडतोय. अडकलंय. थोडंसं... सामान पडलंय."

"कसलं सामान?"

बायको मागून आली, ढीग पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली बसून अंक उपसायला लागली. "तुम्ही व्हा बाहेर," ती म्हणाली, "मध्ये उभे राहिलात तर मला वाकता येत नाही. आणि त्यांच्याजवळ बसा जरा, दम लागलाय त्यांना." अंग चोरून, पोट आत ओढून, शर्टाचं एक बटण दाराच्या कडेला गमावून तो बाहेर निसटला. अंक त्याच्या हातातच होता. बाहेर येईपर्यंत आई पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, बोचकं पोटाशी धरून. तिला पायरीवर बसलेलं पाहून त्याला भयंकर लाज वाटली. "इथे नको बसूस," तो म्हणाला, "खुर्ची काढतो." खुर्ची आतच होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. "असू दे," आई म्हणाली. "सवय आहे मला जिन्याची."

तो तिच्या शेजारी बसला. दोन वर्षांत फोनवर तो तिला तब्येत विचारत होता, औषधं विचारत होता. समोरासमोर बसल्यावर त्यातलं काही सुचेना. दाराआड बायको अंक उचलून मागे टाकत होती, फट् फट् आवाज येत होता. मग लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसा त्याने अंक तिच्यापुढे धरला. "बघ. सापडला." आईने बोचक्यातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली. "खिडकी आपली."

"खिडकीच काय, सगळंच आपलं. खुर्ची, दिवा..."

"आपलं कसलं रे? खुर्ची त्या मासिकवाल्यांची. गालिचा त्यांचा. सकाळी टेम्पो भरून आणलं होतं सगळं. आपलं सामान काढून न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात कोंबलं, पाय ठेवायला जागा नव्हती. माझी शिवणाची मशीन तर पालथी घातली मेल्यांनी."

"संत्री?"

"मेणाची. ते सामान मांडत होते तेव्हा तू एक चावलंस त्यातलं." आईच्या आवाजात इतक्या वर्षांनीही जरासं कौतुक होतं. "ताप होता तरी हात कुठे गप्प होते तुझे! दातांचे वण उमटले, मग तो माणूस बिचारा ते फिरवून फिरवून ठेवत बसला. चावलेली बाजू दिसू नये म्हणून."

दोन बोटांनी फिरणारं संत्रं त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि पहिल्यांदाच पुरतं फिरलं. तोंडात काहीतरी बेचव, मेणचट, दाताला चिकटणारं. "ताप कसला?" त्याने विचारलं.

"गोवर आला होता तुला. अंगभर लाल. आदल्या रात्री मी तुझ्या बाबांना म्हटलं, साहेबांना सांगा, पुढच्या आठवड्यात या म्हणावं. त्यांना कुठलं सांगता येतंय! साहेबांपुढे जीभ उचलायची नाही त्यांची. साहेब आले, तुला बघितलं आणि म्हणाले, मुलाला दुसरीकडे नेता येईल का? दुसरीकडे कुठे नेणार? घेतला तुला कडेवर आणि मी बसले जिन्यात. सकाळपासून दिवे लागायच्या वेळेपर्यंत. बाबा आत. कुणी पाणी विचारलं नाही." ती हे तक्रारीने सांगत नव्हती. बाजारात काय भाव होता ते सांगावं, तसं सांगत होती. मग तिने बोट पानावर ठेवलं, नेमकं त्या फटीवर. "दार पुरतं लावू नका म्हणाला तो फोटोवाला, मागून उजेड हवा म्हणून. मी दारालगतच होते. हा बघ, हा माझा गुडघा."

"गुडघा?"

"तुझं डोकं होतं त्याच्यावर. दिवसभर फटीतून आत बघत होतास, तेव्हा मात्र झोप लागली होती तुला."

भिंग त्याच्या खिशात होतं. त्याने ते काढलं नाही. जिन्यातली खिडकी उघडी होती, खालून कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. नाही म्हणता न येणाऱ्या बापाचा आपण मुलगा, असं त्याच्या मनात आलं; आणि आईला मात्र दोन वर्षं आपण किती सहज नाही म्हणत आलो. पण एक गोष्ट अजून उरली होती, आणि ती विचारायची त्याला भीती वाटत होती. "मग दिवासुद्धा..."

"दिवासुद्धा. संध्याकाळी सगळं परत टेम्पोत. तू जो टाहो फोडलास! बाकी कशासाठी नाही, दिव्यासाठी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अंधार पडला की सुरू, माझा दिवा, माझा दिवा. अंगात ताप, डोळे सुजलेले. शेवटी मी उशीचा एक पिवळा अभ्रा उसवला, तारेच्या कड्यावर ताणला आणि स्वयंपाकघरातल्या बल्बला बांधला. माझ्या अंथरुणाच्या वर यायचा तो. तेव्हा कुठे गप्प झालास."

"मी त्याच्याखाली वाचायचो."

"वाचता कुठे येत होतं तुला? हात बघत पडायचास तासन्‌तास. मला वाटायचं, ताप डोक्यात गेला की काय याच्या."

"त्याच्यावर फुलं होती?" त्याने विचारलं.

"होती की. मीच भरली होती, लग्नाआधी. बारीक फुलं, मेहनतीचं काम होतं. बल्बच्या उष्णतेने करपला पुढे तो अभ्रा. टाकून दिला. तुझ्या घरात तो उंच दिवा पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मी म्हणणार होते, पण म्हटलं, जाऊ दे. हौस आहे पोराची."

त्याने आपला उजवा हात मांडीवर पसरला. हातावर आता शिरा उठल्या होत्या, नखांत जुन्या कागदाची धूळ होती. इतकी वर्षं तो कुणाची घरं धुंडाळत होता! हजार खोल्यांमधून तो त्या उजेडाला शोधत फिरला आणि त्यातल्या एकाही खोलीत तो नव्हता, कारण तो कुणी छापलाच नव्हता. तो स्वयंपाकघरात होता, कोंबलेल्या सामानात, पालथ्या शिवणयंत्राशेजारी, आईच्या अंथरुणावर. आणि त्या स्वयंपाकघरासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू त्याने आपल्या घरातून हुसकावून लावली होती. त्याला रडू आलं. ते त्याने आवरलंही नाही. आईने चष्म्यावरून पाहिलं, बोचक्यातून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि काही विचारलं नाही. तिला बहुतेक वाटलं, वडिलांची आठवण आली असेल.

दार करकरलं. आतून बायकोने ते दोन्ही हातांनी ओढलं, थांबून पायाने काही सरकवलं, आणि पुन्हा ओढलं. या खेपेला ते पुरतं उघडलं. केस धुळीने पांढरे झालेली, साडी खोचलेली बायको उंबऱ्यात एक क्षण दिसली. "या आई," म्हणत ती पुढे झाली, बॅग उचलून आत घेऊन गेली. आई लगेच उठली नाही. बसल्या जागेवरून तिने मान पुढे केली आणि आत पाहिलं. पॅसेजच्या पलीकडे बैठकीची खोली सरळ दिसत होती: वेताची खुर्ची, निळा गालिचा, शेजारी तो उंच दिवा, सगळं जिथल्या तिथे, चकचकीत, आणि माणूस एकही नाही. आईने ते नीट पाहून घेतलं. मग चष्मा काढून बोचक्यात ठेवला, त्याच्याकडे वळली, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता विचारलं,

"झाला का फोटो? येऊ आता आत?"

त्याने तिचं बोचकं उचलून बगलेत धरलं आणि दुसरा हात तिच्या दंडाखाली घातला. ती उठताना सगळा भार त्याच्या हातावर आला. ती किती हलकी झाली होती! "ये," तो म्हणाला. अंक धरायला तिसरा हात नव्हता. तो पायरीवरच राहिला.